काचेतला मासा, गटारातला मासा

दिवाणखान्यातल्या काचपेटीत फिरणारा गोल्डफिश मूळचा चीनचा. तिथल्या करड्या-हिरवट कार्पमध्ये अधूनमधून एखादे पिवळसर पिल्लू निपजे. सुमारे हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीत, अशी पिल्ले निवडून तळ्यांत वाढवण्याचा छंद फोफावला. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला आणि पुढे जगभर.

त्याच्या विणीची तऱ्हा मोठी मजेशीर. थंडी ओसरून पाणी उबदार होऊ लागले की नराच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे उठतात. (हौशी माणूस रोग समजून औषध आणायला धावतो!) नर मादीच्या मागे लागतो, मादी पाणवनस्पतींवर शेकडो चिकट अंडी सोडते आणि मग आईबापच ती खाऊन टाकतात. काचपेटीत त्याचा वंश वाढत नाही, तो यामुळेच.

मुंबईत दुसरा एक परदेशी मात्र सहज रुळला. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला. दोष विहिरींतल्या डासांवर आला. विहिरी बुजवा म्हटल्यावर लोक बिथरले, कारण पाण्याशी धर्म जोडलेला. डासांच्या अळ्या खाणारा मासा सोडणे हा त्या मानाने सोपा उपाय. दक्षिण अमेरिकेतला गप्पी भारतात आला तो याच कामासाठी. १९५० साली अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंड महापालिकेत आले, तेव्हा तिथल्या विहिरी-टाक्यांचे डासही पालिकेच्या वाट्याला आले.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, तीही साधारण महिन्याला. नराचे बीज ती कित्येक महिने साठवून ठेवते. एकटी मादी नाल्यात पोहोचली तरी वसाहत उभी राहते. माझ्या मते आपण त्याचे जरा जास्तच कौतुक केले. डोक्यावर पांढरा ठिपका मिरवणारा आपला इवलासा देशी मासा अळ्या खातच होता.

घर बदलताना काही जण गोल्डफिश पवईच्या तलावात सोडतात. भावना चांगली, पण १८९१ पासूनच्या या तलावात देशी मासे नांदतात. गोल्डफिश तळचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो, इतरांची अंडी खातो. ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत सोडलेले गोल्डफिश जवळजवळ दोन किलोंचे झाले. असा मासा नंतर ओळखूही येत नाही. भडक पिल्ले बगळे आधी टिपतात, मातकट उरतात. काही पिढ्यांत सोने उतरते आणि चीनमधला तोच जुना करडा-हिरवट मासा पाण्यात दिसू लागतो.