कुरामाए ते घणसोली

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात शिरलं, की भिंतीवर हमखास एक तक्ता दिसतो. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढून टाका, हवं ते जागच्या जागी ठेवा, झाडून-पुसून लख्ख करा, हे रोजचं करा आणि कुणी बघत नसलं तरी करा. पाचही शब्दांना मिळून ‘फाइव्ह एस’ म्हणतात. सांगली-साताऱ्याकडून आलेला फिटर हे शब्द घडाघडा म्हणतो आणि ऑडिट जवळ आलं की त्यांच्या नावाने खडेही फोडतो. ते इथवर आले कसे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

शब्द आपल्या पायांनी चालत येत नाहीत. कुणीतरी तिकडे जाऊन, तिथल्या माणसांच्या हाताखाली राबून ते आणावे लागतात. आज नेरूळ-खारघरची मुलं टोकियो-ओसाकाला एम. एस., पीएच. डी. करायला निघतात, तेव्हा घरच्यांना ही वाट अगदी नवी वाटते. तिचा माग काढत मागे गेलं, तर ती सव्वाशे वर्षांची निघते.

या वाटेचं उगमस्थान टोकियोत, सुमिदा नदीकाठी, कुरामाए नावाच्या वस्तीत आहे. कुरामाए म्हणजे कोठारांपुढची जागा. शोगुनच्या राजवटीत सरकारी तांदळाची कोठारं इथे होती. १८६८ मध्ये ती राजवट गेली, मेइजी बादशहाच्या नावाने नवं सरकार आलं आणि जगात जिथून मिळेल तिथून ज्ञान आणायचं, हे राज्याचं धोरणच ठरलं. १८७१ च्या अखेरीस बडे मंत्री जहाजात बसून अमेरिका-युरोप पाहायला निघाले आणि पावणेदोन वर्षांनी परतले. इवाकुरा मंडळ ते हेच. त्यांच्या जोडीला जपानने परदेशी शिक्षकही भल्या पगारावर बोलावले. १८७३ मध्ये टोकियोत इंजिनिअरिंगचं कॉलेज उभारायला स्कॉटलंडहून आलेला हेन्री डायर जेमतेम पंचविशीचा होता. या शिक्षकांना ठेवायचं ते त्यांची जागा घेणारा जपानी माणूस तयार होईपर्यंतच. तो तयार झाला, की गुरुजींना मानाने निरोप.

१८८१ मध्ये कुरामाएत कारागिरांसाठी एक सरकारी शाळा निघाली. गॉटफ्रीड वागनेर हा जर्मन रसायनतज्ज्ञ तिथे चिनी मातीचं आणि काचेचं शास्त्र शिकवत असे. १९०१ मध्ये तिला टोकियो उच्च तांत्रिक विद्यालयाचा दर्जा मिळाला. कारखान्याला लागणारं कसब वर्गात आणि भट्टीपाशी एकत्र शिकवणारी आशियातली शाळा म्हणून तिचं नाव झालं. हिंदुस्थानातून टोकियोला आलेल्या मुलांचे पाय तिच्याकडे वळू लागले ते याच काळात.

पण मुंबई आणि जपानची गाठ त्याआधीच कापसाने घातली होती. जपानच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि जहाजवाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईकडे निघाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबई बंदरातून एक तरुण संन्यासी शिकागोला निघाला होता. वाटेत विवेकानंद जपानमध्ये उतरले, आणि आपल्या तरुणांनी दरवर्षी जपान पाहायला यावं, असं त्यांनी योकोहामाहून मद्रासच्या मित्रांना कळवलं. योकोहामा ते व्हँकुव्हर या प्रवासात त्यांची आणि जमशेटजींची गाठ पडली. पाच वर्षांनी जमशेटजींनी आपल्या संशोधन संस्थेच्या कल्पनेबद्दल त्यांना जे पत्र लिहिलं, त्यात त्या सहप्रवासाची आठवण आहे. बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या जन्मकथेत योकोहामाचा धक्का असा येऊन जातो.

मग मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचं आरमार बुडवलं. एका आशियाई देशाने युरोपातल्या बड्या सत्तेला धूळ चारली, ही बातमी पुण्या-मुंबईत नुसती बातमी राहिली नाही. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, स्वदेशीचं वारं सुटलं, पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. पण होळी करून भागणार नव्हतं. विलायती चिमणी फोडली, तर कंदिलाला काच कुठून आणायची? काच, काडेपेटी, साबण, पेन्सिल या रोजच्या वस्तू करायला शिकवणारं इथे फारसं कुणी नव्हतं. विलायतेत शिकणं महाग, आणि ज्याचा माल हटवायचा त्याच्याच दारात जाऊन विद्या मागायची. जपान स्वस्त होता, स्वतंत्र होता आणि नुकताच स्वतः शिकून बाहेर पडलेला होता. कलकत्त्यात १९०४ मध्ये मुलांना परदेशी औद्योगिक शिक्षणाला पाठवण्यासाठी मंडळच निघालं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेला जाण्याआधी जपानला गेले ते याच लाटेत. पुढे मेक्सिकोत ते नामवंत शेतीशास्त्रज्ञ झाले.

महाराष्ट्रात या लाटेचं सर्वांत ठोस फळ तळेगाव दाभाड्याला धरलं. दरमाणशी एक पैसा गोळा करून उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं. पैसा फंडातून काढायचा ठरला तो काच कारखाना. त्यासाठी माणूस मिळाला उत्तर हिंदुस्थानातला: ईश्वरदास वार्ष्णेय, जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये काचेचं शास्त्र शिकून आलेले. १९०८ मध्ये तळेगावची भट्टी पेटली. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. भट्टी मात्र विझली नाही. तिथे काच व्हायची तसे काच करणारेही घडायचे. फुंकनळीवर हात बसलेले कारागीर तळेगावातून बाहेर पडून देशातल्या इतर कारखान्यांत पांगले. वार्ष्णेय स्वतः पुढे उत्तरेत गेले आणि बहजोईला त्यांनी कारखाना काढला. आपल्याकडे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली आणि प्रभाकर कंदील घरोघरी पोचला.

वागनेरने जर्मनीतून टोकियोत नेलेलं काचेचं शास्त्र आणि तळेगावच्या भट्टीवरचा कारागीर यांच्यात किती थोडी माणसं उभी आहेत, हे पाहिलं की नवल वाटतं.

याच सुमारास जपानकडून एक फांदी वेगळ्याच दिशेला फुटली. टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली. १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी तसंच विद्यापीठ इथे काढण्याचा विचार मांडला आणि पुढच्याच वर्षी ते सुरू केलं. कर्वे तेव्हा टोकियोला गेलेले नव्हते. एका पुस्तिकेवर त्यांनी काम भागवलं.

पण ज्याच्याकडून विद्या घ्यावी तोच बाजारात समोर उभा राहतो, हेही लवकरच कळलं. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल येईना, तेव्हा ती जागा जपानने भरली. ऑस्ट्रियन बांगड्यांच्या जागी जपानी बांगड्या आल्या. मागोमाग काचसामान, खेळणी, कापड. आपल्या घरांत ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त, दिसायला छान आणि आज ना उद्या मोडणारा, असा अर्थ रुजला तो या काळात. तो अर्थ पुसायला पुढे रेडिओ, घड्याळं आणि मारुती गाडी यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाने ही वाट जवळपास बुजवली. ती पुन्हा मोकळी झाली तेव्हा तिच्यावरची भाषा सरकारी झाली होती. १९५४ मध्ये जपान सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजही चालू आहे. जपानने जगात पहिलं येन कर्ज दिलं ते १९५८ मध्ये, भारताला. १९५९ मध्ये परदेशी तंत्रज्ञांना जपानी कारखान्यांत प्रशिक्षण देणारी एओटीएस ही संस्था निघाली. आधीची मुलं वस्तू करायला शिकून येत, ही माणसं पद्धत शिकून आली. काही महिने जपानी कारखान्यात काढून परतलेला सुपरवायझर सुटकेसमध्ये कॅमेरा आणायचा आणि डोक्यात ‘कायझेन’, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा. भिंतीवरचा तक्ता अशाच वाटांनी आला.

शास्त्राच्या बाजूला तर नातं बरोबरीचं झालं होतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून यंत्रं मांडली. १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची जगात सर्वांत आधी नोंद करणाऱ्यांत हा गट होता. खाण आपली, यंत्रं तिघांची, निष्कर्षाखाली नावं सगळ्यांची.

नवी मुंबई तेव्हा वसलेली नव्हती. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने आधीच उभे राहू लागले होते. शहर मागून त्यांच्याभोवती वसलं. म्हणून इथल्या मुलांना कारखाना आधी भेटतो, विद्यापीठ नंतर. एखाद्या घरात वडील त्या तक्त्याखाली तीस वर्षं नोकरी करून निवृत्त होतात आणि मुलगी टोकियोच्या प्राध्यापकाला ई-मेल लिहायला बसते.

त्या ई-मेलवर बरंच काही ठरतं. अमेरिकेत बहुधा विद्यापीठ निवडतात. जपानमध्ये प्राध्यापक निवडावा लागतो. त्याचे शोधनिबंध वाचायचे, त्याच्या कामात बसेल असा संशोधन आराखडा लिहायचा आणि ‘हिला मी घेईन’ अशी त्याची संमती मिळवायची. सरकारी शिष्यवृत्ती असेल, तर वकिलातीची लेखी परीक्षा आणि मुलाखतही. पदव्युत्तर मुलांना दरमहा १ लाख ४३ हजार येनांच्या आसपास मिळतात. सत्र एप्रिलला सुरू होतं, नाहीतर ऑक्टोबरला. बरेच जण आधी ‘केन्क्यूसेइ’ म्हणून जातात, म्हणजे पदवीच्या आधीचा उमेदवारीचा काळ. अभ्यासक्रम बऱ्याचदा इंग्रजीत असतो, पण प्रयोगशाळेतलं जगणं जपानीत. उपकरणावरची चिठ्ठी, वॉर्ड ऑफिसातली नोंदणी, कुठला कचरा कुठल्या वारी, सगळं. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंतच्या भाषापरीक्षांना मुंबईच्या केंद्रावर गर्दी असते ती त्यामुळेच. तरीही वाट अरुंदच राहिली. २०२३ मध्ये अमेरिकेत तीन लाखांवर भारतीय विद्यार्थी होते, जपानमध्ये दोन हजारही नव्हते.

कुरामाएच्या शाळेचं पुढे काय झालं? १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत ती भस्मसात झाली. दुसऱ्या वर्षी ओओकायामाला हलली, १९२९ मध्ये विद्यापीठ झाली आणि जग तिला टोकियो टेक म्हणू लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यापीठाशी एक होऊन तिचं नाव झालं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो. आज नवी मुंबईतून तिथे अर्ज करणाऱ्याला आपण कारागिरांच्या शाळेत चाललो आहोत, हे कुठल्याही फॉर्मवर दिसत नाही.

आणि जपान इकडे आलाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून चिर्ल्याला उतरतो. बराचसा पैसा जपानी कर्जाचा, आणि १८० मीटरपर्यंतचे लांब पोलादी गाळे भारतात प्रथमच वापरलेल्या ऑर्थोट्रॉपिक डेकचे, म्हणजे खालून फासळ्यांनी ताठ केलेल्या पोलादी पत्र्याचे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखाली सात किलोमीटर जातो. त्यातला घणसोली ते शिळफाटा हा जवळपास पाच किलोमीटरचा डोंगरातला भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. तो खोदण्याच्या पद्धतीचं नाव आहे ‘न्यू ऑस्ट्रियन’. बांगड्यांनंतर शंभर वर्षांनी ऑस्ट्रिया पुन्हा आला, तोही जपानी गाडीसाठी, घणसोलीच्या डोंगरात.

या सगळ्या मागोव्यात एक प्रश्न हळूहळू बदललेला दिसतो. १९०५ मध्ये बोटीवर चढणाऱ्याला लोक विचारत, येताना काय आणणार? वर्गणीचा पैसा त्या उत्तरासाठी होता. आज विमानतळावर आई विचारते, परत कधी येणार? आणि तिकडे जपानलाच माणसं कमी पडताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला, त्यात भारतातून ५० हजार कुशल हात जपानला जायचे आहेत. शिकायला गेलेल्याने तिथेच राहावं, अशी आता यजमानाचीच इच्छा आहे. ज्या देशाने परक्या शिक्षकाला काम संपताच निरोप दिला, तो परक्या विद्यार्थ्याला थांबवतो आहे. त्यात दोष कुणाचाच नाही. पण तळेगावचा हिशेब यात कुठे बसतो, हे जाणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावं. परतूनच यावं असं नाही. काय आणता येईल, एवढं तरी डोक्यात असावं.

तक्त्यावरचा पाचवा शब्द पुन्हा पाहा. शित्सुके म्हणजे वळण. मुलांना लावतात ते. जपानी शिंपीकामात हाच शब्द कच्च्या टाक्यांसाठी वापरतात. पक्की शिवण पडेपर्यंत कापड जागेवर धरून ठेवायचं आणि मग तो दोरा ओढून काढायचा. अंगात घातलेल्या कपड्यात तो कधीच दिसत नाही. टोकियोला जाऊन आलेल्या त्या पहिल्या मुलांची नावं आज फारशी कुणाला आठवत नाहीत. शिवण मात्र अजून उसवलेली नाही.