तळटीप : पाव्यावरील कण व मींड

१. येथे वर्णिलेला पावा उभा धरावयाचा असून, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसासारख्या जत्रांतून असे पावे विकावयास येतात. फुंकीची वाट त्याच्या चोचीतच कायम झालेली असल्यामुळे, ओठ किंचित वळवून स्वर चढविण्या-उतरविण्याची जी मुभा आडव्या बासरीच्या वादकास असते ती येथे जवळजवळ नाही. सबब अलंकरणाचा बहुतेक भार बोटांवर पडतो. कण घेताना वरच्या छिद्रावरील बोट क्षणमात्र उचलून लगेच ठेवावे, आणि तो कण स्वतंत्र स्वर म्हणून कानी पडू लागला तर बोट उशिरा परतले असे समजावे. मींडेसाठी मात्र बोट एकदम न उचलता छिद्रावरून हळूहळू बाजूस सरकवावे. आयर्लंडातील सहा छिद्रांच्या पत्र्याच्या शिट्टीवरही एकाच स्वराची आवृत्ती पुष्कळदा जिभेऐवजी अशाच क्षणिक बोटाने तोडतात, हे साम्य विलक्षण होय. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरीवर ख्यालाची मींड मैफलीत प्रतिष्ठित केली. ती ऐकून विद्यार्थ्याने हुरूप अवश्य धरावा, परंतु मुरकीची घाई करू नये, आणि आधी विलंबित लयीत एकच कण निर्दोष होईपर्यंत घोटावा. — संपादक