बळदातली अढी

बळद म्हणजे मधघरामागची बिनखिडकीची खोली. औसा तालुक्यातल्या आमच्या माळवदाच्या घरात भरदुपारीही तिथे कंदील न्यावा लागे. एरवी आत ज्वारी असायची. वैशाखात पोती एका अंगाला सरकायची आणि आज्जी आंब्यांची अढी घालायची.

कोकणात अढीला भाताचा पेंढा घालतात. आमच्याकडे भात कुठला? गव्हाचं काड, नाहीतर माळावरचं गवत. गडी झेल्यानं आंबा उतरवायचा तो थोडा देठ ठेवूनच. चीक सालीवर ओघळला की काळा डाग पडतो आणि आंबा तिथूनच नासतो. मग काडाचा थर, आंब्यांचा थर, पुन्हा काड, वर गोणपाट. शेप्या, खोबऱ्या, गोटी, ज्या त्या झाडाची अढी वेगळी. शेप्याला खरोखरच शेपूचा वास यायचा. आम्ही पोरं नाक मुरडायचो, वडिलांना, म्हणजे बापूंना, मात्र तोच लागायचा.

पाचव्या-सहाव्या दिवशी आज्जी काडात कोपरापर्यंत हात घालायची. "गरम व्हायलीय," म्हणायची. पिकता आंबा इथिलिन नावाचा वायू सोडतो, काडात तो कोंडतो आणि शेजारचाही पिकायला लागतो, हे मी पुढं कॉलेजात शिकलो आणि जन्मभर शाळेत शिकवलं. आज्जीला नाव ठाऊक नव्हतं, पण नासका आंबा हुडकून काढल्याशिवाय ती रात्री आडवी होत नसे.

अढी म्हणजे आंबे पिकवणं, असं लोकांना वाटतं. माझ्या मते तिचं खरं कसब आंबे लांबवण्यात होतं. लेक-जावई कधी येणार, तो हिशोब धरून थोडेच आंबे काडात जायचे. बाकीचे सारवलेल्या गार भुईवर सुटे, एकमेकांना न टेकता. मृगाच्या पावसानंतर आंब्यात अळी निघते, तोवर पुरवायचे. एका उन्हाळ्यात नांदेडचे पाहुणे सफरचंदं घेऊन आले. ते आमच्याकडे दवाखान्यातलं फळ, म्हणून आज्जीनं मोठ्या मानानं ती भुईवरच्या आंब्यांमध्ये ठेवली. चार दिवसांत भोवतीचे आंबे पिवळे! सफरचंदही इथिलिन भरपूर सोडतं. "हे काश्मीरचं पाव्हणं लई आगाऊ हाय," म्हणत तिनं ती थेट देवळीत नेऊन ठेवली.

बळदाचा गारवा भिंतीचा होता. दोन-अडीच फूट रुंद, दगड मातीत रचलेल्या भिंती. वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरसाली नवी पांढरी माती टाकायची, म्हणजे घर दरसाली जड व्हायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. बरीचशी झोपेतच, त्याच दगडांखाली आणि त्याच मातीखाली. आमचं घर चिरफळलं पण उभं राहिलं. तरी बापूंनी पुढच्या उन्हाळ्यात ते आपल्या हातानं उतरवलं. बळद पाडताना कुणी हळहळलं नाही. मीही नाही.

पद्धत विसरली म्हणून अढी गेली असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. पद्धत अजून घरोघरी पाठ आहे, ती मांडायला तशी भिंत नाही. झाडंही तुटली. आता लातूरच्या बाजारात केसर असतो. मराठवाडा केसरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, इथिलिनच्या खोल्यांना परवानगी आहे. आज्जीचाच वायू, फक्त आता मीटरवर मोजलेला.

आत्याचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या बावन्न गावांतलं. तिच्या घराच्या भिंती पातळ, वर स्लॅब. ती अजून पलंगाखाली अढी घालते. जाड भिंतीच्या घरात मात्र पाहुणी म्हणूनही झोपत नाही, अंगणात बाज टाकते. मेमध्ये स्लॅब तापला की तिचे आंबे मागेपुढे पिकत नाहीत. परवा सकाळी सहालाच तिचा फोन आला, "सगळे एकदमच पिकायलेत रे. पिशवी घेऊन ये, दोन आण."