दांडिया बाजार : वाडे आणि बिऱ्हाडे

सूरसागराच्या बाजूचा दांडिया बाजार हा बडोद्यातील मराठी वस्तीचा मानाचा रस्ता. रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांत गायकवाडीतील सरदार, कारभारी, कारकून यांची घरे उभी राहिली. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा याच परिसरातला. त्याच्या भिंतींवरील चित्रांत कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, आणि टोपीकर साहेबही आहेत. पुरातत्त्व खात्याने तो संरक्षित केला म्हणून आज पाहावयास मिळतो. इतर कितीतरी वाडे केव्हाच पडले.

परंतु या रस्त्याची कीर्ती वाड्यांच्या धन्यांनी केली असे म्हणणे अपुरे आहे. ती मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेल्या बिऱ्हाडकरूंनी केली.

त्यांत अग्रणी अरविंद घोष. १८९३ साली ते विलायतेतून थेट बडोद्याच्या नोकरीत आले आणि १९०६ पर्यंत राहिले. या काळातील काही वर्षे त्यांचा मुक्काम दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी होता. खासेराव संस्थानचे अधिकारी. त्यांचे बंधू माधवराव लष्करात, आणि अरविंदबाबूंच्या गुप्त राजकारणातले विश्वासू. केंब्रिजपासूनचे स्नेही केशवराव देशपांडे हेही पुढे बडोद्यात आले. विलायतेत वाढलेल्या या बंगाली माणसाला मातृभाषाच नीट येत नव्हती! ती शिकविण्यासाठी दीनेंद्रकुमार रॉय मुद्दाम येऊन राहिले. मराठी व गुजराती मात्र अरविंदबाबू इथेच शिकले. बडोदे सोडल्यावर, सुरतेची काँग्रेस उधळल्यानंतर, जानेवारी १९०८ मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने सरदार मजुमदारांच्या वाड्यात त्यांना तीन दिवस ध्यानास बसविले. मन निःशब्द झाल्याचा तो अनुभव अरविंदांनी पुढे अनेकदा सांगितला आहे.

याच रस्त्यावर जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. राजरत्न माणिकरावांनी नावारूपाला आणलेली ही तालीम त्यांच्या मुसलमान उस्तादाचे नाव मिरवते, हे मला त्यातील मल्लविद्येइतकेच मोलाचे वाटते. गुजरातेत आखाड्यांची चळवळ उभारणाऱ्या पुराणी बंधूंचा संबंध याच तालमीशी. सूरसागराच्या काठी मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली. तीच आज विद्यापीठाची संगीत शाखा झाली आहे. त्याच दरबारी काळात गायक अब्दुल करीम खाँ आणि सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांनी बडोदे सोडले. त्यांच्या कन्या हिराबाई मिरजेस जन्मल्या, आडनाव मात्र बडोदेकर लावले.

बंगाल्याला घर, उस्तादांना मान! आपण या उदारतेचा अभिमान बाळगतो, आणि तो गैर नाही. मात्र एका बिऱ्हाडकरूचा उल्लेख या आठवणींत क्वचितच येतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच्या राजधानीत या अधिकाऱ्याला राहण्यास खोली मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू स्नेही म्हणाले, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरीही सोवळे आडवे आले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यांनी दांडिया बाजारातील एखादे दार ठोठावले होते असा माझा दावा नाही. पण संस्थानच्या मराठी नोकरदारांची वस्ती याच भागात होती, सचिवालयातील त्यांचे सहकारी अशाच घरांतून कचेरीत जात, आणि त्यांतले एकही घर त्यांच्यासाठी उघडले नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले. तेथील ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दरवर्षी दूरदूरची माणसे तेथे येतात.