रुग्णालयात चुकीचं औषध दिलं गेलं, तर दाद कुठे मागायची?

भलतंच इंजेक्शन, जास्तीचा डोस किंवा अ‍ॅलर्जी सांगूनही दिलेलं तेच औषध. अशा वेळी राग येणं साहजिक आहे, पण तोडफोड केली तर गुन्हा नातेवाइकांवरच दाखल होतो. परभणी जिल्ह्यातल्या रुग्णासाठी कायदेशीर मार्ग कोणते, ते पाहूया.

आधी कागदपत्रं

केसपेपर, औषधांचा चार्ट, रिपोर्ट आणि बिलं लेखी अर्ज करून मागा. अर्जाची पोच घ्या. या नोंदी ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधाची रिकामी बाटलीही जपून ठेवा. रुग्ण दगावला असेल, तर शवविच्छेदनाची मागणी करा.

खासगी रुग्णालय असेल तर

परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. उपचार नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला झाले असले तरी चालतं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथेही तक्रार दाखल होते. उपचारांचा खर्च ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. मात्र औषधाचा त्रास झाला एवढंच पुरेसं नसतं. निष्काळजीपणा झाला आणि त्यामुळेच नुकसान झालं, हे दाखवावं लागतं.

सरकारी रुग्णालय असेल तर

सर्वांवर मोफत उपचार होणारी रुग्णालयं ग्राहक कायद्यात येत नाहीत. तिथे दिवाणी दावा किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका, हे पर्याय आहेत. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पोलीस आणि मेडिकल कौन्सिल

निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार डॉक्टरला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी निष्काळजीपणा गंभीर असावा लागतो आणि पोलिसांना आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई मात्र देत नाही.

वेळ किती लागतो?

मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेवेळी एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं, पण १९९६ मध्ये. भरपाई होती ३६ हजार रुपये. म्हणूनच पहिल्याच दिवशी कागदपत्रं ताब्यात घेणं महत्त्वाचं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या खटल्यात तोच आधार असतो.