लोखंडी धाव ते रबरी टायर



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहतो तेव्हा तो संप, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. मी आज मोटारीच्या टायरवर बोलणार आहे. माझे शालेय शिक्षण नववीला थांबले. पुढचे शिक्षण मिरजेतल्या एका रिमोल्डच्या दुकानात झाले. झिजलेला टायर यंत्रावर घासून खरखरीत करायचा, त्यावर सोल्युशन लावायचे, नव्या रबराचा पट्टा चढवायचा आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचा, हा तो अभ्यासक्रम. तिथले मिस्त्री पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “पोरा, मऊ रबर धरतं पण लवकर जातं; कठीण रबर टिकतं पण घसरतं. एवढं कळलं की धंदा कळला.” मी विचारले, “आणि आवाजाचं काय?” ते म्हणाले, “आवाजाचं गिऱ्हाईक विचारत नाही.”

पकड, झीज आणि आवाज या तीन गोष्टींवर टायरची तुलना करण्याची रीत आज नवी वाटते. मोटारीच्या दुकानात तरुण मंडळी तासन् तास त्यावर वाद घालतात. परंतु हे तीन प्रश्न चाकाइतकेच जुने आहेत. कोणत्या काळी कोणत्या प्रश्नाला मान मिळाला, हे पाहिले की त्या काळी खर्च कोण सोसत होता, तेही कळते.

आमच्या आजोबांच्या बैलगाडीपासून सुरुवात करू. तुंबा आणि आरे सुताराचे, परंतु चाकाला आयुष्य देणारा लोहार. तो लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करी, चार माणसे सांडशीने धरून ती चाकावर बसवीत आणि वर पाणी ओतले की धाव आकसून लाकडाला घट्ट आवळी. ही धाव वर्षानुवर्षे चाले. झिजेच्या बाबतीत तिच्या तोडीचे चाक पुढे निघाले नाही. मग झिजत काय होते? रस्ता. दोन-अडीच इंच रुंदीच्या लोखंडावर सारा भार. त्याने मुरमाच्या रस्त्याला चाकोऱ्या पडत आणि खडीचा चुरा होई. गाडीवानाची धाव शाबूत राही आणि लोकल बोर्डाचा रस्ता जाई.

पकडीची गोष्ट त्याहून वाईट. खडकावर लोखंड घसरते. घाट उतरताना गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधून ओढत न्यायचा, चढताना बैल दमले की चाकामागे दगडाची उटी लावायची, हाच ब्रेक. ट्रकच्या क्लीनरने आजही तो शब्द टाकलेला नाही. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. रात्री मळ्यातून निघालेली गाडी पुढच्या वस्तीला आधी ऐकू येई आणि मग दिसे. तो आवाज मात्र कोणाला त्रासाचा वाटत नव्हता. घरधनी परत येतोय, एवढाच त्याचा अर्थ होता.

रस्त्याच्या झिजेचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न मोटारी आल्यावर ऐरणीवर आला. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९२८ च्या अहवालात त्यांनी सांगितले की, रस्ते बांधणे हे स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेरचे काम झाले आहे आणि ते साऱ्या राष्ट्राचे काम मानले पाहिजे. त्यासाठी पेट्रोलवर जादा कर सुचवला गेला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ ची. आणि १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले व त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. या सगळ्या काळात अभियंत्यांची एक तक्रार कायम होती: लोखंडी धावेच्या गाड्या नवे रस्ते खातात. उपाय उघड होता, गाडीला रबरी चाक द्या.

हे हवेचे रबरी चाक मुळात कशासाठी निघाले, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. स्कॉटलंडचा रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यात त्याने आपल्या शोधाचे जे हेतू लिहिले, त्यांत ओढायला कमी जोर लागावा याबरोबरच गाडीचा आवाज कमी व्हावा हाही होता. म्हणजे आमचे मिस्त्री ज्याला मोजतच नव्हते, तो गुण मूळ कागदावर होता. थॉमसनचे चाक काही चालले नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर हादरे बसतात म्हणून तीच युक्ती नव्याने काढली, आणि ती जगभर गेली. हा डनलॉप पेशाने गुरांचा डॉक्टर. त्याच्या नावाची कंपनी पुढे हिंदुस्थानात आली, १९३६ मध्ये तिने बंगालात हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला, आणि आपल्याकडे रबरी चाकाच्या बैलगाडीचे नावच ‘डनलॉप गाडी’ पडले. साहागंजचा कारखाना आता बंद पडला आहे. तिथल्या कामगारांची जी परवड झाली ती मुंबईत शिवडीच्या फायरस्टोनवाल्यांच्याही वाट्याला आली. कारखाने गेले, गाडीचे नाव आपल्या तोंडी राहिले.

१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. त्याच सुमारास कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहत होते: सांगलीला वसंतदादांचा, रेठऱ्याला कृष्णा. कारखान्याला ऊस ताजा हवा, म्हणून शेतातून थेट गव्हाणीपर्यंत टायरगाडी. धावेच्या गाडीपेक्षा ती हलकी ओढते, चिखलात कमी रुतते, रस्ता फोडत नाही. तेव्हा बैलाला सुख झाले, असे आपण म्हणाल. मी बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर पुष्कळ रात्री बसलो आहे. गाडी हलकी चालते असे दिसल्यावर तिच्यावर मोळ्या वाढल्या. हलकेपणाचा फायदा वजनात गेला, बैलाच्या मानेला मिळाला नाही. एका हंगामात मी गाडीवानांचे हिशेब तपासत होतो. ज्या टायरचा गोटा झाला होता असे, मोटारीवरून उतरवलेले टायर गाड्यांना दिलेले, आणि पंक्चरचे पैसे मजुरीतून कापलेले! झीज आधीच कोणीतरी वापरून संपवली होती आणि तिची किंमत शेवटच्या माणसाकडून वसूल होत होती.

आता या तीन गुणांचे शास्त्र थोडक्यात सांगतो. मोटारीचा एक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकतो. चार तळहातांवर सारी गाडी. तिथे रबर खडीच्या बारीक उंचवट्यांत दबते आणि सुटते. दबताना घेतलेली सगळी शक्ती ते परत देत नाही, काही उष्णता म्हणून गमावते. हे गमावणे म्हणजेच बरीचशी पकड. जे रबर जास्त गमावते ते जास्त धरते, परंतु लवकर तापते व झिजते आणि इंधनही जास्त मागते. पहिले टायर पांढुरके होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा त्याची झीज कितीतरी पटींनी कमी झाली. टायर काळा का, याचे उत्तर एवढेच. फ्रान्समधल्या मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतले दोर कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात, म्हणून तळ सपाट टेकतो. पकडही वाढली आणि आयुष्यही. १९९० नंतर काजळीच्या जागी बऱ्याच अंशी सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची पांढरी पूड आली आणि ओल्या रस्त्यावरची पकड इंधन फारसे न वाढवता मिळू लागली. मिस्त्रींचा नियम वाकला खरा, परंतु मोडला नाही.

आवाज येतो नक्षीतून. नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि खाचेतली हवा दाबली जाऊन सुटते. सगळे ठोकळे सारखे असतील तर एकच सूर लागतो. म्हणून कारखानदार ते मुद्दाम लहानमोठे करतात, म्हणजे सूर मोडून नुसती कुजबुज राहते. जाड खडीच्या रस्त्यावर टायर घोगरा बोलतो आणि आडव्या रेघांच्या सिमेंटवर शीळ घालतो. तेव्हा आवाजाचा सगळा दोष टायरला देऊ नये.

नक्षी पकडीसाठी असते, हा मोठा गैरसमज. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर उत्तम धरतो. शर्यतीच्या गाड्यांना म्हणूनच नक्षी नसते. नक्षी पाण्यासाठी आहे. खाचांतून पाणी बाहेर गेले नाही, तर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते आणि मग ब्रेक व सुकाणू दोन्ही नावालाच उरतात. हे आपल्या दोन जिल्ह्यांइतके कुठे समजत नसेल. महाबळेश्वरला आणि कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आटपाडी-जतला पाचशेच्या आसपास. माणदेशात गोटा झालेला टायर उन्हाळाभर निमूट चालतो आणि मालकाची खात्री पटवतो की अजून सहा महिने हरकत नाही. तोच टायर आषाढात कुंभार्ली घाटात जातो.

मी क्लीनर असताना एका आषाढात नेमके हेच घडले. ट्रकचे पुढचे टायर गेलेले होते. ड्रायव्हरने कराडला मालकाला फोन करून सांगितले. उत्तर आले की, खेप करून या, मग बघू. पोफळीच्या बाजूला उतरताना वळणावर गाडी सरळच गेली आणि कठड्यावर टेकली. जीव वाचले, ड्रायव्हरचा पाय गेला. चौकशीच्या कागदावर ‘चालकाची हयगय’ असे लिहिले गेले. टायरची खाच किती उरली होती, हे कोणी मोजले नाही. मोजायला साधनही नव्हते. मी युनियनमध्ये आलो तो त्या कागदामुळे.

आता आजकालच्या मोटारी. माझ्या पुतण्याने सांगलीत नव्या गाडीचे टायर काढून रुंद, ठेंगण्या बाजूचे, वेगवान गाड्यांसाठीचे टायर बसवले. म्हणाला, “काका, बसा, फरक बघा.” आम्ही सांगलीहून कराड, तिथून कोयनानगर असे गेलो. कोरड्या वळणांवर गाडी खरोखर रुळावर असल्यासारखी वळे. मी मनापासून दाद दिली. इस्लामपूरच्या पुढे खडबडीत रस्ता लागला तेव्हा मागच्या सीटवर बोलणे ऐकू येईना. पाटणच्या अलीकडे एका खड्ड्यात रिम वाकली, कारण ठेंगण्या बाजूला हादरा पचवायला जागाच नाही. आणि पुढे पाणी साचलेल्या रस्त्यावर त्याने आपण होऊन वेग कमी केला. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते, सुकाणूने सांगितले.

मी त्याला टायरच्या बाजूवरचे अक्षरन् अक्षर वाचून दाखवले. २०५/५५ आर १६ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १६ इंच. एच असेल तर ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही असेल तर २४०. आता आमच्या रस्त्यावर २४० कशाला, हे विचारू नये. तरुणपणी मीही बैलांच्या शर्यती पाहिल्या आहेत. शेवटचे चार आकडे टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी झाला ते सांगतात. दुकानात पडून राहिलेले रबरही म्हातारे होते.

खरी गंमत सरकारी मोजमापांत आहे. अमेरिकेने १९७० च्या दशकाअखेर टायरवर झिजेचा आकडा छापायला लावला. १०० हा मूळ धरला, तर २०० चा टायर दुप्पट चालावा. वेगवान गाड्यांचे मऊ टायर दोनशे-तीनशेत, घरगुती गाड्यांचे पाचशेच्या पुढेही. ओल्या रस्त्यावर थांबण्याची प्रतही तिथे लिहितात, पण ती सरळ ब्रेक लावल्याची, वळणाची नाही. आणि आवाजाचे नाव नाही. उलट युरोपने २०१२ मध्ये जी पट्टी चिकटवली तिच्यावर इंधन, ओली पकड आणि आवाज आहे, परंतु झीज नाही. तो आवाजही गाडीत बसलेल्याच्या कानाचा नव्हे. इंजिन बंद करून गाडी सोडतात आणि रस्त्याकडेला मायक्रोफोन ठेवतात. म्हणजे रस्त्याला लागून घर असलेल्या माणसाची झोप तिथे मोजली जाते. आपल्या सरकारने जून २०२२ मध्ये जे नियम काढले, तेही याच वळणाचे: घर्षणात जाणारी शक्ती, ओली पकड आणि आवाज. झीज आपल्याकडेही गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडलेली आहे. अमेरिकेत पैसे मोजणारा गिऱ्हाईक ओरडत होता, युरोपात रस्त्याकडेचा नागरिक. ज्याचा आवाज मोठा, त्याचा गुण पट्टीवर आला.

घाटात गाडी चालवणाऱ्याचा आवाज या यादीत कुठे आहे, असा प्रश्न आम्ही एका वाटाघाटीत मालकांपुढे ठेवला. मागणी साधी होती. नव्या मोटारीच्या टायरची खाच आठ मिलिमीटरच्या आसपास असते. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. परंतु ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या कितीतरी आधी, तीन मिलिमीटरच्या सुमारास ढासळू लागते. म्हणून पावसाळ्यात घाटाची खेप देण्यापूर्वी पुढच्या टायरची खाच मोजून ती वहीत लिहावी आणि खाली ड्रायव्हरची सही घ्यावी, एवढेच. एक मालक म्हणाले, “सही कशाला? विश्वास नाही का?” आमचा एक म्हातारा ड्रायव्हर उत्तरला, “मालक, अपघात झाला की सही आमचीच घेता. ती आधी घ्या.” दुसऱ्या वर्षी वही सुरू झाली. सगळीकडे नाही, पाच ठिकाणी झाली, दोन ठिकाणी बंद पडली.

खाच मोजायचे साधन पेनाएवढे असते आणि चहा-भज्यांच्या पैशांत येते. माझ्या खिशात एक आहे. सभागृहाबाहेर आपल्या पुष्कळ गाड्या उभ्या आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर फाटकापाशी थांबावे, मी मोजून दाखवतो.