एका नावाची दोन गावे, एका देवाची चार नावे

जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचे दप्तरी नाव वाडी रत्नागिरी. बोलताना नुसते ‘डोंगरावर’ म्हटले तरी पन्हाळा आणि करवीर तालुक्यांत भागते. कागदावर ते भागत नाही. नुसते रत्नागिरी लिहिले की वाचणारा कोकणात पोहोचतो; पुढच्या ‘वाडी’मुळे तो पन्हाळा तालुक्यात राहतो. मोठ्या कंपन्यांच्या व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डुप्लिकेट एंट्री’, म्हणजे ‘हे नाव आधीच आहे’, असा अडथळा येतो, तेव्हा प्रश्न नेमका हाच असतो. तो टाइप करणाऱ्याच्या चुकीचा क्वचितच असतो. ओळखीची खूण ठरवणाऱ्याने नावावर गरजेपेक्षा जास्त भार टाकलेला असतो. आपल्या मुलखाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता, असे माझे मत आहे.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गावोगावहून येणाऱ्या मानाच्या सासनकाठ्या पाहा. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. इथे नुसते ‘पाडळी’ लिहून चालत नाही, कारण खुद्द करवीर तालुक्यातच पाडळी बुद्रुक आणि पाडळी खुर्द अशी दोन गावे आहेत. मानकऱ्यांत कसबे डिग्रजही आहे, आणि त्याच मिरज तालुक्यात मौजे डिग्रज आहे. बुद्रुक आणि खुर्द म्हणजे थोरले आणि धाकटे, हे फारसीतून आलेले शब्द. कसबा म्हणजे पेठेचे गाव, मौजा म्हणजे साधे खेडे. कुणाचेही नाव न बदलता दप्तराने प्रत्येकाला स्वतःची जागा दिली. आजच्या ऑफिसात उलटे घडते. समजा, ‘जोतिबा ट्रेडर्स’ हे नाव यादीत आधीच आहे आणि त्याच नावाचा दुसरा व्यापारी आला. सॉफ्टवेअर नोंद घेत नाही, म्हणून नावाच्या शेवटी एक टिंब देऊन ती बसवली जाते. खुर्दला अर्थ होता, टिंबाला नाही. महिनाअखेरीस एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर पडते ती याच टिंबामुळे.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे, आणि तीही याच डोंगरावर दिसते. जोतिबा, केदारनाथ, केदारलिंग, रवळनाथ ही नावे भाविक एकाच देवाला देतात. आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. त्याच्या शेजारचे केदारेश्वराचे मंदिर मात्र वेगळे, ते दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये बांधलेले. केदारलिंग आणि केदारेश्वर ही नावे शेजारी ठेवून दुबार समजून एक नोंद पुसणारा माणूस एक अख्खे देऊळ पुसेल. आणि जोतिबा व केदारनाथ यांना दोन धरणारा नसलेले देऊळ कागदावर उभे करील. म्हणून अडथळा आला की डिलीटकडे हात जाण्याआधी एकच गोष्ट तपासायची: या दोन वस्तू आहेत, की एकाच वस्तूची दोन नावे?

यावर कुणी म्हणेल, जुनी रीत शेकड्यांच्या यादीला ठीक, लाखांच्या नोंदींना क्रमांकच हवा. बरोबर आहे. जुन्या रीतीत अर्धी माहिती गुरवांच्या आणि कुलकर्ण्यांच्या डोक्यात असे, ती यंत्राला कुठून मिळणार? पण नुसता क्रमांक दिल्याने प्रश्न सुटत नाही. सासनकाठीचा क्रमांक हा मान आहे; तो कुणी कुठे चालायचे ते सांगतो, म्हणून तो सहज बदलता येत नाही. गिऱ्हाइकाच्या कोडमध्ये शाखा, वर्ष, वर्गवारी कोंबणारे नेमका असलाच क्रमांक तयार करतात, आणि शाखा बदलली की अडकतात. ओळखीच्या क्रमांकाला कसलाच अर्थ नसावा. अर्थ सांगायला नाव आहे, तालुका आहे, बुद्रुक आणि खुर्द आहेत.

२०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिला, तेव्हा कुठल्याही पाडळीचे नाव बदलावे लागले नाही. तुमच्या यादीतही आधी असा क्रमांक द्या, आणि नावे लोक घेतात तशीच राहू द्या.